इश्श, ही कुठल्या घरची?

दार लोटून घ्या. पोरींना खाली खेळायला पाठवा. विषय बाहुल्यांचा आहे, आणि बाहुल्यांचा विषय आता पोरींसमोर काढण्यासारखा राहिलेला नाही.

तुम्ही हल्ली खेळण्यांच्या दुकानात डोळे उघडे ठेवून गेला आहात का? भाचीचा वाढदिवस ऐन संध्याकाळी आठवून पळत जाणं, दिसेल तो गुलाबी खोका उचलणं आणि "कागद जरा चांगला लावा हो" म्हणणं, ते नाही म्हणत मी. चष्मा लावून, खोक्याच्या खिडकीतून आत कोण बसलंय ते नीट बघणं. मी बघितलं. आत ज्या कोणी होत्या त्यांना 'बाळ' म्हणायला जीभ रेटेना. डोळ्यांवर जांभळा रंग थापलेला, ओठ नुकतीच गांधीलमाशी डसून गेल्यासारखे, नाक असून नसल्यात जमा, आणि झगा कमरेखाली चार बोटं उतरून तिथेच थबकलेला. खोक्याच्या कोपऱ्यात वय छापलेलं होतं. बाहुलीचं नाही, गिऱ्हाइकाचं. पहिली-दुसरीतल्या पोरीचं!

भिशीत हे सांगितलं तर बायकांनी तोंडात बोटं घातली, आणि तीच बोटं नंतर बटाटेवड्याकडे गेली. एक काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." दुसरीने कबूल केलं की तिच्या नातीला तीच हवी असते, नाहीतर ती जेवत नाही. तिसरी मात्र अगदी शहाणपणाने म्हणाली, "त्यापेक्षा आपली बार्बी घ्यावी. सोज्वळ तरी दिसते."

सोज्वळ! बार्बी! अहो, बसा खाली. चहा ठेवते. तुम्हाला बार्बीचं कुळ ठाऊक नाही.

बार्बी अमेरिकेची, असं सगळे समजतात. तिचं मूळ निघतं जर्मनीत, हॅम्बुर्गला. तिथे १९५२ साली 'बिल्ड' नावाचं एक चटपटीत दैनिक सुरू झालं. पहिल्याच अंकात थोडी जागा रिकामी उरली, म्हणून राइनहार्ड बॉयटीन नावाच्या व्यंगचित्रकाराने एक चित्र काढून दिलं. त्यातून लिली जन्मली: सोनेरी केसांची, तोंडाळ, श्रीमंत पुरुषांना बोटावर नाचवणारी आणि त्यांच्या पाकिटावर नजर ठेवणारी. वाचक खूश झाले. १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली. विकली कुठे गेली, तर तंबाखूच्या दुकानांत आणि बारमध्ये. पुरुष ती मित्राला थट्टेने भेट देत, गाडीच्या आरशाला टांगत. म्हणजे मूळ माल पोरींचा नव्हताच. बाप्यांच्या चावटपणाचा होता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या रूथ हँडलरबाई मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला फिरायला गेल्या. नवरा-बायकोची 'मॅटेल' ही खेळण्यांची कंपनी होती. दुकानाच्या काचेत लिली दिसली. हँडलरबाईंच्या डोक्यात आधीपासून एक गोष्ट घोळत होती. त्यांची लेक बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना बाळं समजत नसे, मोठ्या बायका समजत असे. दुकानात मात्र बायकांची बाहुली मिळत नव्हती, मिळायची ती बाळांचीच. बाईंनी लिली विकत घेतली, एक नाही, तीन, आणि बॅगेत घालून मायदेशी आणली. पुढे १९६४ मध्ये मॅटेलने लिलीचे हक्कच विकत घेऊन टाकले आणि जर्मनीतली मूळ बाई बाजारातून गायब झाली. याला आमच्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माहेरचं नाव पुसणं म्हणतात.

दरम्यान कॅलिफोर्नियात तिला सोवळी करण्याचं काम सुरू होतं. ते कोणाकडे दिलं? जॅक रायन नावाच्या इंजिनिअरकडे. हा गृहस्थ आला होता क्षेपणास्त्रांच्या कारखान्यातून. (इथे भिशीतल्या एका वहिनींनी "अगंबाई, म्हणून तसा आकार!" असं म्हटलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.) बाहुल्या बनत होत्या जपानात. तिथून आलेल्या नमुन्यांवर नको त्या ठिकाणी नको तेवढा बारकावा होता म्हणे, तो रायनसाहेबांनी बारीक कानशीने घासून सपाट केला. जगातल्या कोट्यवधी मुलींनी जी बाहुली निष्पाप म्हणून छातीशी धरली तिचा निष्पापपणा असा कानशीने आलेला आहे.

९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ती मांडली गेली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, उंच टाचा, किंमत तीन डॉलर. नजर समोर नाही, कोपऱ्यातून तिरकी. समोर बघायला तिला १९७१ साल उजाडावं लागलं. बारा वर्षं ही बाई तिरकंच बघत होती आणि लोक तिला साधी समजत होते!

आता यातली खरी खमंग गोष्ट ऐका. ती छातीची नाही आणि टाचांचीही नाही, आयांची आहे.

बाहुली बाजारात येण्याआधी मॅटेलने एर्न्स्ट डिख्टर नावाच्या तज्ज्ञाला बोलावलं. हे गृहस्थ व्हिएन्नाचे, फ्रॉइडच्या विद्येत तयार झालेले, आणि ती विद्या साबण नि मोटारी खपवायला वापरणारे. त्यांनी मुलींना विचारलं आणि आयांनाही विचारलं. मुली बाहुलीवर फिदा. आयांनी नाकं मुरडली: ही बाई फार भडक आहे, पोरीच्या हातात द्यायची नाही. डिख्टरसाहेबांनी मान हलवली आणि कंपनीला वाट दाखवली. आईला सांगा की ही बाहुली तुमच्या धसमुसळ्या कार्टीला नीटनेटकं राहायला शिकवील. केस विंचरायला, कपड्यांचा मेळ घालायला, चारचौघांत कसं दिसावं ते शिकवील. एवढं ऐकलं की आई गार.

आणि झालंही तसंच. शिवाय कंपनीने दूरदर्शन संचावरून, मुलांच्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत, थेट पोरींशी बोलायला सुरुवात केली होती. वरून पोरीचा हट्ट, खालून आईची आशा. दोन्हीकडून दाबलं की पर्स उघडते. म्हणजे बघा हं, आईचा राग ही कंपनीला अडचण वाटलीच नाही. तो अपेक्षित होता, मोजलेला होता आणि त्यावरचा उतारा आधीच बाटलीत भरून ठेवलेला होता. आपण दुकानात उभ्या राहून "शी, काय हे!" म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण बाजाराच्या विरोधात बोललो. अहो, आपला तो 'शी' १९५८ सालीच हिशेबात धरलेला आहे.

एकदा घरात शिरल्यावर या घराण्याने पुढे काय काय केलं, त्याची यादी नाही देत, थोडा मासला देते. १९६५ साली मैत्रिणीकडे रात्री राहायला जाणारी बार्बी निघाली. तिच्या सामानात काय? वजनकाटा. काटा ११० पौंडांवर, म्हणजे साधारण पन्नास किलोंवर, कायमचा चिकटवलेला. सोबत वजन कमी करण्याचं इवलंसं पुस्तक, आणि त्यातला उपदेश एवढाच की खाऊ नका. ज्या वयात आपल्या घरी "एक घास चिऊचा" चालू असतं त्या वयाला हा उपदेश!

मग १९७५. बार्बीची धाकटी बहीण स्किपर. आता मी आवाज खाली आणते. तिचा डावा हात गोल फिरवला की ती उंच व्हायची आणि तिला छाती यायची. हात उलटा फिरवला की पुन्हा लहान. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "उलटा फिरवायची सोय आम्हालाही हवी होती." त्यांचं लग्न सतराव्या वर्षी झालं. मी पुढे काही विचारलं नाही.

आणि २००२ ची मिज! ही बार्बीची जुनी मैत्रीण, रीतसर लग्न झालेली. कंपनीने तिला दिवस गेलेली बाहुली म्हणून काढलं: चुंबकाने बसवलेलं पोट, उघडलं की आत बाळ. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी गहजब केला. ही फारच तरुण दिसते, आणि खोक्यात नवरा कुठे आहे? नवरा होता, पण तो वेगळा विकत घ्यावा लागे. वॉलमार्टने ती फळ्यांवरून काढली. गंमत कळली का? तोकड्या झग्याची बाहुली वर्षानुवर्षं चालते, त्याच झग्याचा नैसर्गिक परिणाम दाखवणारी एक दिवस चालत नाही.

पण हे सगळं बार्बीला म्हातारपणी शोभून गेलं, कारण २००१ मध्ये शेजारी नवं बिऱ्हाड आलं. ब्रॅट्झ! क्लोई, जेड, साशा आणि यास्मिन. मी दुकानात पाहिल्या त्या याच घरातल्या. डोकं मोठं, कंबर नाहीच, ओठ चकाकते. आणि यांचे पाय! जोडा बदलायचा असेल तर पायच घोट्यातून निघतो, जोड्यासकट, आणि दुसरा पाय बसवायचा. कपाटात पायांची रांग. आमच्या लेकीच्या मैत्रिणीकडे मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि रात्री नीट झोप लागली नाही. पोरींना मात्र त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्या सुटे पाय घेऊन दुकान-दुकान खेळत होत्या.

हे बिऱ्हाड आयझॅक लॅरियन यांच्या एमजीए कंपनीचं. मूळचे इराणचे गृहस्थ, अमेरिकेत येऊन मोठे झाले. चित्र आवडलं का म्हणून त्यांनी आपल्या लेकीला विचारलं, तिने होकार दिला आणि धंदा सुरू झाला. बार्बीच्या राज्याला तोवर कोणी धक्का लावला नव्हता, यांनी लावला. या पोरी सगळ्याच गोऱ्या-सोनेरी नव्हत्या, काही सावळ्या होत्या, नाना वंशांच्या होत्या. ते खरंच बरं होतं हे मान्य करायला पाहिजे. न्यू जर्सीत वाढणाऱ्या आपल्या मराठी पोरींना आपल्या रंगाची बाहुली आधी यांच्यातच सापडली. फक्त ती रात्री कुठेतरी निघालेली असायची.

आता कोर्टाची भानगड. ब्रॅट्झ काढणारा चित्रकार कार्टर ब्रायंट. हा मॅटेलकडे बार्बीचे कपडे करत असे. मॅटेल म्हणे, आमच्या पगारावर असताना काढलेली चित्रं, म्हणजे बाहुल्या आमच्या. एमजीए म्हणे, छे, तो तेव्हा तिथे नोकरीला नव्हताच. २००८ मध्ये ज्यूरीने मॅटेलला दहा कोटी डॉलर मिळावेत असा निकाल दिला आणि ब्रॅट्झ बंद पडायची वेळ आली. २०१० मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं, २०११ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने एमजीएच्या बाजूने कौल दिला. बारकावे सोडा. आपल्याकडे घरात वाह्यात कार्टं निपजलं की नवरा म्हणतो "तुझ्या माहेरचं", बायको म्हणते "तुमच्याच घराण्याचं". इथे देशातली सगळी आई-बापं ज्या कार्ट्यांच्या नावाने बोटं मोडत होती त्यांच्यासाठी दोन सभ्य कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात उभ्या, आणि दोघींचं म्हणणं एकच: ती माझी आहेत!

तिकडच्या आयांनी नुसती बोटं मोडली नाहीत हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळा जोर आमच्या भिशीतच आहे. २००६ मध्ये हॅस्ब्रो कंपनी 'पुसीकॅट डॉल्स' या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या ताफ्यावरून बाहुल्या काढणार होती. पालक संघटनांनी इतका कालवा केला की कंपनीने बेत सोडला. २००८ मध्ये शाळांतून पुस्तकं विकणाऱ्या स्कोलॅस्टिकने पालकांच्या मोहिमेनंतर ब्रॅट्झची पुस्तकं शाळेच्या जत्रांतून काढून टाकली. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा मोठा अहवाल आला होता. मुलींना लहान वयातच देहापुरतं पाहायला शिकवलं जातं, त्याचा तो पंचनामा होता, आणि त्यात ब्रॅट्झचे तोकडे स्कर्ट नि जाळीचे मोजे नावानिशी नोंदवलेले होते. विद्वानांच्या अहवालात आपल्या मोज्यांची नोंद होणं हा मान बार्बीलाही सहज मिळाला नसता.

बरं, आता थट्टा जरा बाजूला ठेवते, कारण लेक माझीही आहे.

पोरींना यातलं 'ते' काही कळत नाही. मी पाहिलंय ना. आमच्याकडची बार्बी बादलीत बुडते, फडक्यात गुंडाळून दवाखान्यात जाते, एकदा तिला सोफ्याखाली तुरुंगात ठेवलं होतं आणि जामीन मिळाला नव्हता. इंग्लंडात बाथ विद्यापीठाच्या लोकांनी २००५ मध्ये सात ते अकरा वर्षांच्या मुलांशी बोलून पाहिलं, तर कळलं की मुली बार्बीचे केस कापतात, मुंडकं काढतात आणि तिला मायक्रोवेव्हमध्ये घालतात! बाहुलीने मुलीला बिघडवण्याआधी मुलगी बाहुलीचा निकाल लावते. ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं दुसऱ्या एका प्रयोगाने घालवलं. २०१४ चा, अमेरिकेतला. चार ते सात वर्षांच्या ३७ मुली. काही जणींना खेळायला बार्बी दिली, काहींना 'मिसेस पोटॅटो हेड'. ही कोण, तर बटाट्याच्या आकाराची गोल-मटोल बाई, जिला नाक-डोळे-टोपी हवी तिथे खोचता येते. खेळायला फक्त पाच मिनिटं. मग कामांची चित्रं दाखवून विचारलं: मोठी झाल्यावर यातलं तुला काय काय करता येईल, आणि मुलग्याला काय काय? बटाटेबाईंशी खेळलेल्या मुली म्हणाल्या, मुलग्याला येईल ते जवळपास सगळं मलाही येईल. बार्बीशी खेळलेल्यांनी स्वतःसाठी कमी कामं निवडली. आणि डोक्याला हात लावायची गोष्ट पुढेच आहे. काहींच्या हातातली बार्बी डॉक्टर होती, पांढरा कोट घातलेली. तरी फरक पडला नाही.

कोट बदलून भागत नाही, बघा. स्कर्ट दोन बोटं खाली ओढूनही भागणार नाही. डिख्टरसाहेबांनी आयांना जे विकलं होतं ते अजून खोक्यात तसंच आहे: बयो, तुझं काम म्हणजे नीट दिसणं. बाकीची कामं त्याच्यावरून. इंग्लंडातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात पाच ते आठ वर्षांच्या मुलींना बार्बीची चित्रं दाखवली, तर त्यांना स्वतःचं अंग कमी आवडू लागलं आणि बारीक व्हावंसं वाटू लागलं. पाच वर्षांच्या पोरीला! त्या वयात अंग हे झाडावर चढायचं साधन असतं. ते कसं दिसतं हा प्रश्नच तिला पडायला नको. म्हणून मला ब्रॅट्झच्या ओठांपेक्षा त्या चिकटवलेल्या वजनकाट्याचा राग जास्त येतो, आणि त्या काट्याच्या वेळी फारसं कोणी ओरडलं नव्हतं याचा त्याहून जास्त.

"पण आपल्याकडची ठकी?" भिशीतल्या सगळ्यात वयस्कर काकूंनी विचारलं. त्यांच्याकडे अजून आहे एक, लाकडाची, हिरव्या-लाल रंगाची, हात अंगाला चिकटलेले. ठकी खरोखरच सोज्वळ. तिचे कपडे काढता येत नाहीत, ही मोठी सोय. पण काकू, आठवा, ठकीशी आपण खेळायचो काय? लग्न. बाहुला-बाहुलीचं लग्न, वरात, जेवणावळ, विहिणींचे रुसवे आणि शेवटी बाहुलीची पाठवणी. भातुकलीत स्वयंपाक, ठकीला सासर. आजीच्या आजीच्या काळात तर हा खेळ आवरायचा आणि नवव्या वर्षी खरोखरच बोहल्यावर चढायचं. त्या बाहुलीचं लुगडं पायघोळ होतं म्हणून ती पोरीला काहीच शिकवत नव्हती असं म्हणायचं का? काकू म्हणाल्या, "तू फार पुस्तकं वाचतेस."

बार्बी इकडे आली तेव्हा तिने आपलं मन राखायला साडी नेसली, कपाळाला टिकली लावली. साडीच्या आत तीच हॅम्बुर्गची बाई. आपण मात्र "बघा, किती संस्कारी" म्हणून ती शोकेसमध्ये ठेवली, रुखवतातल्या नऊवारीवाल्या बाहुलीच्या शेजारी. पश्चिम आशियात 'फुला' नावाची बाहुली २००३ मध्ये आली, अंगभर झगा आणि डोक्यावर ओढणी. इराणने त्याच सुमाराला 'सारा' नि तिचा भाऊ 'दारा' काढले. सगळ्यांचा उपाय एकच. वरून काहीतरी पांघरा.

आणि पांघरण्याचं कौतुक आपण कोणत्या तोंडाने सांगायचं? गणपतीच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सहा वर्षांच्या चिमुरडीला चोळी-घागरा घालून, ओठ रंगवून, सिनेमातल्या बाईचे हावभाव करायला कोण लावतं? कॅलिफोर्नियाची कंपनी? पुढच्या रांगेत मोबाइल उंच धरून "कंबर, कंबर हलव!" असं ओरडणाऱ्या आत्या कोणाच्या? जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना समज द्यावी लागली की नाचाच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये लहान मुलांकडून मोठ्यांसारख्या सूचक अदा करून घेऊ नका. ब्रॅट्झ निदान प्लॅस्टिकच्या आहेत. यावर भिशीत एकदम शांतता पसरली, कारण निम्म्या जणींच्या नाती असल्याच नाचाच्या वर्गाला जातात. मी वड्यांची दुसरी परात पुढे केली.

अलीकडच्या भानगडी पटपट सांगते, चहा निवतोय. २०२० मध्ये हॅस्ब्रोची 'ट्रोल्स' सिनेमातली पॉपी. हिच्या झग्याखाली, नेमकं जिथे नको तिथे, एक बटण. दाबलं की ती खुदकन हसायची. कंपनीचं म्हणणं, बाहुलीला बसवलं की तिने हसावं एवढाच हेतू होता. पालकांना तो पटला नाही आणि बाहुली मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी 'एल.ओ.एल. सरप्राइज', पुन्हा आपल्या एमजीए घराण्यातलीच. गोळ्यात बंद येते, आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. थंडगार पाण्यात बुडवली की काहींच्या अंगावर चित्रं नि अंतर्वस्त्रं उमटतात असं आयांच्या लक्षात आलं, आणि तिकडच्या स्वयंपाकघरांत बर्फाचे वाडगे घेऊन बाहुल्यांची झडती सुरू झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात तर मॅटेलने कहर केला. 'विकेड' या सिनेमाच्या बाहुल्यांच्या खोक्यावर सिनेमाचा पत्ता छापायचा होता. छापला गेला प्रौढांच्या चित्रफितींच्या एका साइटचा! कंपनीने माफी मागितली, माल दुकानांतून काढला. यावेळी बाहुली बिचारी खरोखर निर्दोष होती, अंगभर कपड्यांत होती. बदनामी झाली ती खोक्याची.

या सगळ्या काळात बार्बीचं मात्र चांगलं झालं. २०१५ मध्ये तिच्या घोट्याला सांधा आला, टाच जमिनीला टेकवायची सोय झाली. छप्पन्न वर्षं बाई चवड्यांवर उभी होती. २०१६ मध्ये ती गुटगुटीत, उंच आणि बुटकी अशी तिन्ही रूपांत आली. २०२३ मध्ये सिनेमा आला आणि आम्ही सगळ्या गुलाबी कुडते घालून, पॉपकॉर्न घेऊन, स्त्रीमुक्तीचं म्हणून तिलाच बघून आलो. तंबाखूच्या दुकानातून निघालेली बाई शेवटी सत्कारमूर्ती झाली. तिने स्वतः फारसं काही केलं नाही. तिच्यामागून दर थोड्या वर्षांनी एक जास्त वाह्यात धाकटी येत गेली आणि प्रत्येक धाकटीने थोरलीला आणखी सोवळी केलं.

एका बाईंनी केलेलं काम मला मनापासून आवडलं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या सोनिया सिंग. २०१५ मध्ये त्यांनी भंगारातून टाकून दिलेल्या ब्रॅट्झ उचलल्या, चेहऱ्यावरचा सगळा रंग पुसला आणि त्यावर साधे डोळे, साधं हसू पुन्हा रंगवलं. पायांना सपाट बूट केले, आणि सोनियाबाईंच्या आईने सगळ्यांसाठी लोकरीचे स्वेटर विणले. रंग उतरल्यावर खालून निघाल्या त्या आमच्या गल्लीतल्या पोरी: दात पडलेल्या, चिखलात खेळून आलेल्या. मी लगेच नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन बसले. लेक म्हणाली, "आई, तू तिला का त्रास देतेस?" मी बाटली बंद केली.

गेल्या डिसेंबरात माझी मामेबहीण न्यू जर्सीतल्या एडिसनहून आली. ती तिकडेच वाढली, आता तिला पाच वर्षांची मुलगी. ब्रॅट्झवाल्यांनी २०२१ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून जुन्या बाहुल्या पुन्हा जशाच्या तशा काढल्या, त्यातली एक तिने पोरीसाठी आणलेली. तोच जांभळा रंग, तेच ओठ, तेच निघणारे पाय. मी सांगितलं की आमच्या भिशीत यावर केवढा काथ्याकूट झालाय. तिला हसू आवरेना.

"ब्रॅट्झ? अगं ताई, या तर आमच्या वेळच्या. किती साध्या होत्या गं! हल्लीच्या बघ म्हणजे कळेल."